नासक्या कागदावरची लग्नपत्रिका

हे अनंता, हे आदिशब्दा, तुला आधी वंदन. तू बोललास आणि हे विश्व उमटले. तू बोलायचा थांबलास तर आमचा श्वासही उमटणार नाही. तुझ्या दरबारात वाया गेलेले काही नसते. आम्ही जे चुरगाळून टाकतो ते तू उलगडतोस, आम्ही ज्यावर फुली मारतो ते तू पुन्हा वाचतोस. तुझ्या चरणी माथा टेकवून एका माणसाची कथा सांगायला घेतो. माणूस थोर नाही. त्याच्या नावाचा रस्ता नाही, त्याची तसबीर कुठल्या भिंतीवर नाही. शिवाय तो तापट. समोरचा चहा गार झाला तरी हा गरमच. पण दयाघना, तोही तुझ्याच हातची जुळणी. त्याच्या स्वभावाची तक्रार तुझ्यावाचून कुणाकडे करावी?

सगळे त्यांना जुळारी म्हणत. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे बारीक ठोकळे, बोटांनी उचलायचे, उलटे वाचत ओळीत बसवायचे आणि मजकूर उभा करायचा, हे त्यांचे चौतीस वर्षांचे काम. खाली छापखाना, वर बिऱ्हाड. खाली पायाने चालणारे जुने ट्रेडल यंत्र, रॉकेलचा आणि शाईचा वास, भिंतीला लागून खिळ्यांचे कप्पे. कप्प्यांच्या वर, बरोबर डोळ्यांच्या रेषेत, टाचणीने लावलेली कागदाची एक अरुंद पट्टी होती. तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेली ओळ शाईच्या बोटांनी इतकी काळवंडली होती की जुळाऱ्यांखेरीज ती कुणाला वाचता येत नसे. लेकीने लहानपणी एकदा विचारले होते, "बाबा, हे कुणी लिहिलं?"

"गिऱ्हाइकानं."

"कुठल्या?"

"अभ्यास कर."

आणि कोपऱ्यात होते ते कपाट. घरात त्याला नासके कपाटच म्हणत. कुठलेही काम यंत्रावर चढले की पहिले काही कागद बिघडतात. कुठे शाई फार, कुठे कमी, कुठे ओळ तिरकी. एक बाजू नासते, दुसरी कोरी राहते. इतर छापखाने असे कागद रद्दीत घालतात. जुळारी गठ्ठा बांधून कपाटात ठेवत. बायको म्हणायची, "अहो, एक दिवस हे कपाट आपल्याला घराबाहेर काढेल." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले. "यांनी आधी मार खाल्ला म्हणून बाकीचे चांगले निघाले. त्यांना विकू?"

बाकीचा धंदा संगणकांनी नेला होता. पावतीपुस्तके गेली, हस्तपत्रके गेली. राहिल्या लग्नपत्रिका. जुळारी त्या जुळवीत, बायको लिफाफे दुमडी. निम्म्या शहराची लग्ने त्या दोन खोल्यांतून बाहेर पडली होती. म्हणून लेकीचे लग्न ठरले त्या दिवशी जुळाऱ्यांनी पहिले काम केले ते असे, की सर्वांत देखण्या खिळ्यांचा कप्पा उतरवला आणि ब्रशने एकेक खिळा घासून ठेवला. बापाचा आनंद असा मुका असतो. तो कुणाला दिसला नाही.

लेक पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. ओढ्याचे, नदीचे, नळाचे पाणी बाटलीतून यायचे आणि त्यात काय काय मिसळले आहे ते ती कागदावर मांडायची. बापाचा तापटपणा तिने जसाच्या तसा उचलला होता, फक्त तिचा आवाज चढत नसे. एका सकाळी चहाच्या वेळी तिने लग्नाची यादी वाचायला घेतली.

"दोन्हीकडची मिळून ऐंशी घरं. घरटी दोन माणसं."

"ऐंशी?" जुळारी म्हणाले. "एवढी माणसं तर मला दूध आणायला जाताना नमस्कार करतात."

"सभागृह चालत जाण्याच्या अंतरावर. भर दुपारी, म्हणजे दिवे लागणार नाहीत. जेवण मोजून. फुलांच्या कमानी नाहीत, कुंडीतली रोपं आणायची आणि परत करायची."

"लग्नाला आलो की रोपवाटिकेत, हे लोकांनी ओळखायचं कसं?"

"मधे आम्ही दोघं उभे असू ना बाबा. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या नाहीत. प्रत्येकानं आपला पेला घरून आणायचा."

जुळाऱ्यांनी बशी खाली ठेवली. "लग्नाला बोलावतेयस की छावणीला?"

"आणि पत्रिका नाहीत."

जुळाऱ्यांनी बशी पुन्हा उचललीच नाही. लेकीला कळले की हे हळू सांगायला हवे होते. पण हळू सांगणे त्या घराण्यात कुणाला येत नव्हते. ती पुढे बोलत गेली. "बाबा, खरं सांगा. माणूस पत्रिका एकदा उघडतो, तारीख बघतो, दुसऱ्या दिवशी टाकतो. ती गटारात जाते, ओढ्यात जाते, माझ्या बाटलीत येते. चौतीस वर्षं आपण कचराच तर छापलाय."

ती "आपण" म्हणाली होती. बापाला ते ऐकू आले नाही. त्याला पुढचा शब्द ऐकू आला. जुळारी उठले, मोरीपाशी गेले आणि हात धुऊ लागले. नखांतली काळी रेघ कधीच निघत नसे. त्या दिवशी ते ती निघेपर्यंत धुणार होते असे वाटले.

त्या सकाळपासून बापलेकीचे बोलणे बंद. अबोला म्हणावा तर तोही धड नव्हता. एकमेकांना टोमणे तर मारायचे होते. मग मधे आईला उभे केले गेले.

"तिला सांग, साखरेचा डबा सरकव म्हणावं."

"अहो, डबा तिच्याच हाताशी आहे. ती ऐकतेय."

"ऐकतेय की नाही हे मला कुणी कळवलेलं नाही."

"आई, त्यांना सांग, साखर कमी खा."

आई लिफाफा दुमडता दुमडता म्हणाली, "एवढे निरोप पोहोचवले, मी पोस्टात लागले असते तर मला पदक मिळालं असतं."

अशात मुलाकडून बोलणी करायला आत्याबाई आल्या. मुलाचे आईवडील तो सहा वर्षांचा असताना गेले होते; त्याला वाढवले ते या अविवाहित आत्याने. ती मोठ्या रुग्णालयात मुख्य परिचारिका. तिकडे सगळे तिला सिस्टर म्हणत, इकडे सगळे आत्याबाई. नाव विचारायची छाती कुणाला झाली नव्हती. आत्याबाई छापखान्यातून आल्या नाहीत. बाहेरच्या जिन्याने, नजर समोर ठेवून, थेट वर आल्या. सगळी यादी ऐकली, पेल्याच्या कलमावर मान डोलावली आणि म्हणाल्या, "सगळं मुलांच्या मनासारखं होऊ दे. माझी एकच अट. पत्रिका नको."

जुळाऱ्यांनी डोळे मोठे केले. "आत्याबाई, तुम्हीसुद्धा? झाडांसाठी?"

"झाडांचं मला काही सांगू नका. पत्रिका नको म्हणजे नको."

त्या गेल्यावर जुळारी बायकोला म्हणाले, "दगडाची बाई आहे." बायको म्हणाली, "तुमची गाठ कुणाशी तरी पडायचीच होती." आणि पलीकडून लेकीने आईकरवी शेवटचा निरोप धाडला. "त्यांच्याकडून शब्द घे. माझ्या लग्नासाठी एकही नवा कागद वापरायचा नाही."

 जुळाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे आले त्याला हसू म्हणणे कठीण होते. "तिला सांग, दिला शब्द. एकही नवा कागद वापरणार नाही."

सज्जनहो, रागावलेल्या माणसाने शब्द इतक्या सहज दिला की समजावे, त्या शब्दाला त्याने मागचे दार ठेवले आहे. लग्नाला बारा दिवस राहिले. निमंत्रणे फोनवरून गेली होती. लेक कामावर गेली की जुळारी नासके कपाट उघडत. जुन्या पत्रिकांचे गठ्ठे काढत, कागद आडवा धरत, कोरी बाजू वर करत, उजेडात तिरपी करून डाग पाहत. छापणारा माणूस कागदाची कोरी बाजू बघतो. छापून झालेली बाजू त्याच्या लेखी संपलेली असते. चौतीस वर्षांची ही सवय. मागे कोणाचे लग्न आहे हे त्यांनी एकदाही पाहिले नाही. नव्वद कागद निवडले, दहा यंत्राला वाहिले. तळाशी एक जुना गठ्ठा होता, जाड, दुधासारख्या रंगाचा, चाळीस कागदांचा. आता तसा कागद मिळत नाही. जुळाऱ्यांनी तो मुलाकडच्या चाळीस घरांसाठी बाजूला काढला. भांडण घरात, मानपान ज्याचा त्याला.

मग त्यांनी मजकूर जुळवला. वधू-वरांची नावे, आपली आणि बायकोची नावे, मुलाच्या दिवंगत आईवडिलांची नावे, वार, वेळ. आणि त्याखाली, घासून ठेवलेल्या देखण्या खिळ्यांत, सर्वांत मोठ्या अक्षरांत: "फुले आणू नयेत. भेटी आणू नयेत. वाहन आणू नये. आपला पेला मात्र आपण आणावा. न आणल्यास तहान सोसावी."

लोक हसतील, लेकीची फजिती होईल, एवढाच त्यांचा बेत. बायकोने जुन्या कॅलेंडरांचे लिफाफे केले. शनिवार-रविवार दोघांनी पायपीट करून ऐंशी घरी पत्रिका दिल्या. मुलाकडची यादी बायकोनेच भावी जावयाकडून गोड बोलून काढली होती.

सोमवारी प्रयोगशाळेतल्या साहेबांनी लेकीसमोर एक भलामोठा पेला ठेवला आणि विचारले, "हा चालेल का? तहान सोसायची माझी तयारी नाही." ती संध्याकाळी घरी आली ती पत्रिका हातात घेऊन. ती शेवटच्या ओळीला हसली होती. पण हे ती मेली तरी सांगणार नव्हती.

"आई, त्यांना सांग, त्यांनी शब्द मोडला."

"तिला सांग, एक नवा कागद दाखव. एक."

"आत्याबाईंची अट होती म्हणावं!"

"मी त्यांना शब्द दिला नव्हता म्हणावं."

"आणि मागे हे कुणाचं लग्न आहे?"

"असेल कुणाचं तरी. नासकंच आहे. तिला नवा नको होता ना?"

मंगळवारी दुपारी छापखान्याचे दार धाडकन उघडले. आत्याबाई. गणवेशात, मुठीत दुधी रंगाची पत्रिका. या दारातून त्या पहिल्यांदाच येत आहेत असे जुळाऱ्यांना वाटले. ते चुकीचे होते.

"जुळारी! यंत्र बंद करा."

अख्ख्या वॉर्डाला जागे करणारा तो आवाज. यंत्र थांबले.

"हा सूड का? मी पत्रिका नको म्हटलं म्हणून?"

"आत्याबाई, काय झालं ते..."

"उलटा करून बघा हा कागद."

ज्या बाजूकडे त्यांनी पाहिले नव्हते ती बाजू जुळाऱ्यांनी आता पाहिली. सत्तावीस वर्षांपूर्वीची तारीख. मुलीचे नाव. मुलीच्या वडिलांचे नाव. शाई एका कडेला फुटलेली.

"ही कोण?" त्यांनी विचारले.

"ही मी." आत्याबाई म्हणाल्या. "लग्नाला तीन दिवस असताना मुलाकडच्यांनी मोडलं, ते हे लग्न. आज सकाळी मी औषधं वाटत होते. पाठोपाठ तिघीजणी आल्या. 'सिस्टर, हे तुमचंच नाव ना? तुमचं लग्न झालं होतं?' सत्तावीस वर्षं मी ज्यावर माती लोटली, ते तुम्ही चाळीस लिफाफ्यांत घालून माझ्याच माणसांत वाटून आलात!"

"मला माहीत नव्हतं."

"वाचता येत नाही? जन्मभर अक्षरं चिवडलीत आणि वाचता येत नाही?"

"मी कोरी बाजू बघितली," जुळारी म्हणाले. याहून खरे वाक्य त्यांच्याजवळ नव्हते, आणि याहून लंगडेही नव्हते.

"मग आता नीट ऐका. पुतण्याला सांगून आलेय. रविवारी त्या सभागृहात आमच्याकडचं कुणी पाऊल ठेवणार नाही. जे घर दुसऱ्याच्या जखमेवर आपलं लग्न छापतं, त्या घरात मी माझा मुलगा देत नाही. आणि तो माझा शब्द मोडत नाही, हे तुमच्या लेकीलाही ठाऊक आहे."

ते लेकीला ठाऊक होते. तिची रजा त्याच दिवशी सुरू झाली होती. आवाज ऐकून ती जिना उतरून दारात उभी राहिली होती, आणि तिच्या मागे आई. आत्याबाई तिच्याकडे वळल्या. "विचार तुझ्या बापाला, हे मुद्दाम केलं की नाही!"

 एक शब्द बापाविरुद्ध टाकला असता तर कदाचित लेकीचे लग्न वाचले असते. ती म्हणाली, "आत्याबाई, माझे बाबा हेकट आहेत. तापट आहेत. साखरेच्या डब्यासाठी तीन महिने आईला निरोप्या बनवलंय. मला खिजवायला त्यांनी ती तहानेची ओळ छापली. पण जे करायचं ते तोंडावर करतात. पाठीमागून वार करणं त्यांना जमायचं नाही, त्यांना पाठीमागचं दिसतच नाही."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. जुळारी लेकीकडे पाहत नव्हते. ते कप्प्यांच्या वरच्या पट्टीकडे पाहत होते. त्यांनी टाचणी काढली आणि पट्टी आत्याबाईंसमोर धरली.

"ती मुलगी तुम्ही?"

सत्तावीस वर्षांपूर्वी ते या छापखान्यात नोकरीला होते. मालक बाहेर गेलेले. एका लग्नाच्या चाळीस पत्रिका छापून झाल्या होत्या. एक तरुण मुलगी धावत आत शिरली, म्हणाली थांबवा, आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीने एक ओळ लिहिली. आईचंही नाव घाला, मला तिनंच वाढवलं. त्या काळी पत्रिकेवर बापाचे नाव असे. आईचे कुणाच्या मनातही येत नसे. जुळारी म्हणाले होते, चाळीस कागद वाया जातील. ती म्हणाली होती, जाऊ द्यात. त्यांनी आईचे नाव जुळवले, सगळे नव्याने छापले. काही दिवसांनी मुलीचे वडील आले आणि उरलेल्या चांगल्या पत्रिका जाळायला घेऊन गेले. नासलेल्या चाळीस तेवढ्या मागे राहिल्या.

आत्याबाईंनी आपले अक्षर ओळखले. त्यांचा राग आणखी चढला. "हीच ती ओळ! हिनंच मोडलं माझं लग्न. 'मुलगी आत्तापासून पत्रिकेत लुडबुड करते, घरात आल्यावर काय करेल,' असं म्हणाले ते. आणि तुम्ही ही भिंतीला टांगलीत? शोभेला?"

 जुळारी कपाटाशी गेले आणि गठ्ठे बाहेर ओढू लागले. दोऱ्या तोडल्या, कागद टेबलावर लोटले, आणि या वेळी छापलेली बाजू वर केली.

"बघा. हे तुमच्यानंतरचं पहिलं. मुलीची आई, मुलाची आई. हे त्यापुढचं. हे बघा. हे गेल्या वर्षीचं. मालक ओरडले, गिऱ्हाइकं ओरडली. 'आमच्यात आईचं नाव घालत नाहीत' म्हणाले. मी म्हणालो, या छापखान्यात घालतात, नको असेल तर पुढची गल्ली. कितीतरी गेले. पट्टी शोभेला नव्हती, आत्याबाई. जुळवताना विसरू नये म्हणून होती. तुम्ही... तुम्ही एकही पत्रिका पाहिली नाहीत?"

आत्याबाईंनी सत्तावीस वर्षांत लग्नाचा एक लिफाफा उघडला नव्हता. तसाच्या तसा त्या तो टाकून देत. आता त्या टेबलाशी वाकल्या. नाडी पाहणारे त्यांचे बोट एकेका कागदावर टेकले आणि पुढे सरकले. फुटक्या शाईत, तिरक्या ओळींत, फिकट, गडद, जोडीजोडीने आयांची नावे. वीस झाली, चाळीस झाली. लेकही वाचत होती. ज्या कपाटावरची धूळ तिने लहानपणी पुसली होती, त्यात काय आहे हे तिने कधी विचारले नव्हते.

हे कृपाळा, आम्ही तुझे पुरावे आकाशात शोधतो, आणि तू ते कोपऱ्यातल्या कपाटात ठेवतोस.

"म्हणजे मी उपकार मानायचे?" आत्याबाई ताठ होत म्हणाल्या.

"नाही."

"मानणारही नाही." त्यांनी मुठीतली पत्रिका सरळ केली आणि पुढची बाजू वर आणली. "आता हे सांगा. मुलाची आई, गेलेली. ती माझी भावजय, तिचा मान तिला. पण वाढवलं कुणी?"

"तुम्ही पत्रिकाच नको म्हणालात, म्हणून..."

"मग छापलीत कशी?"

जुळाऱ्यांनी मान खाली घातली. पट्टी अजून त्यांच्या हातात होती. रोज वाचलेली ओळ, आणि नेमकी आपल्या घरच्या लग्नात विसरलेली. 

"पेन्सिल आहे का?" आत्याबाईंनी विचारले. "मग ऐंशी घरी पायी जा आणि प्रत्येक पत्रिकेत माझं नाव लिहा. तुमच्या हातानं. यंत्र नाही, शाई नाही. नवा कागद तर नाहीच, तुमच्या लेकीची अट आहे."

"आणि मागचं? मागचं खोडू?"

"हात लावाल तर याद राखा. सगळ्यांनी वाचलंय ना? वाचू दे. लग्न मोडलं होतं, मी कुठं मोडले?" त्या दाराशी गेल्या. "शनिवारपर्यंत ऐंशी पुरी झाली तर रविवारी आम्ही येऊ. एक राहिली तर माझा पेला घरीच राहील."

त्या गेल्या. लेक म्हणाली, "बाबा, मी त्या दिवशी कचरा म्हटलं ते..."

तीन महिन्यांनी जुळारी थेट तिच्याशी बोलले. "पेन्सिलीला टोक कर. दोन घे."

चार दिवस बापलेक चालत होती. बोलणे सुरू झाल्यामुळे भांडणही आता विनामध्यस्थ होते.

"डावीकडून जवळ पडलं असतं."

"डावीकडं चढ आहे."

"चढ तुम्हाला आहे, बाबा."

"तू ऐंशी म्हणालीस म्हणून वाचलो. नशीब माझी यादी चालली नाही."

कुणी दार उघडून हसले, कुणी तोंड वाकडे केले. एका घरी पत्रिका दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून होती. जुळाऱ्यांनी साय पुसून नाव लिहिले. एका बाईने "आता एवढ्यासाठी आलात?" म्हणत दारातच ताटकळत ठेवले. एका म्हाताऱ्या दुकानदाराला आपल्या पत्रिकेच्या मागे मरण पावलेल्या भावाचे लग्न सापडले होते. तो कागद हातातून सोडेना, शेवटी त्याच्या तळहातावर ठेवूनच लिहावे लागले. आणि मुलाकडच्या घरांतून लोक हळूच विचारत, "मागचं नाव त्यांचंच का हो?" जुळारी म्हणत, "त्यांचंच. आणि पुढचंही त्यांचंच, हे बघा." मग ते लिहीत. 

शनिवारी दुपारपर्यंत एकोणऐंशी झाली. ऐंशीवी आत्याबाईंच्या स्वतःच्या मुठीत गेली होती. जुळाऱ्यांनी त्यांचे दार वाजवले. आत्याबाईंनी आत बोलावले नाही. पत्रिका आणून दिली. जुळाऱ्यांनी ती चौकटीवर टेकवली आणि लिहिले: मुलाला वाढवणारी, आणि पुढे नाव. आत्याबाईंनी चष्मा लावून वाचले.

"अक्षर फार वाईट आहे तुमचं."

"जुळाऱ्याचं हाताचं अक्षर असंच असतं."

"दिसतंय." दार लागले. मग पुन्हा चार बोटे उघडले. "पेला केवढा आणायचा?"

"तुमच्या तहानेएवढा."

रविवारी भर दुपारी, बिनदिव्याच्या उजेडात, कुंडीतल्या रोपांमध्ये ते लग्न लागले. काचेचे, स्टीलचे, कान तुटलेले, झाकणाचे, नाना तऱ्हेचे पेले आले. आत्याबाईंचा तर बादलीच्या कुळातला होता. आणि ज्याने ती ओळ छापली त्या जुळाऱ्यांचा पेला घरी राहिला होता.

"तहान सोसावी," आत्याबाई म्हणाल्या आणि पाणी पीत पुढे गेल्या.

"सोसावीच," लेक म्हणाली.

बायकोने आपला अर्धा पेला त्यांच्यापुढे केला. "घ्या. की कुणाला निरोप धाडायचाय?"

सोमवारी सकाळी जुळारी गल्लोगल्ली कचऱ्याच्या डब्यांत डोकावत फिरले. दोन पत्रिका सापडल्या. त्या झटकून त्यांनी घरी आणल्या आणि निरोप घ्यायला थांबलेल्या लेकीसमोर ठेवल्या.

"दोन," ती म्हणाली. "म्हणजे माझं थोडं बरोबर होतं."

"थोडं," जुळारी म्हणाले, आणि दोन्ही नासक्या कपाटात ठेवल्या.

हे अनंता, या तापट माणसाला उदंड आयुष्य दे, आणि त्याला दोन्ही बाजू वाचायची दृष्टी दे. त्याच्या बायकोला निरोपांतून सुट्टी मिळो. त्याच्या लेकीच्या बाटलीत पाणी नितळ उतरो, तिचा संसार तिच्या पेल्यासारखा स्वतःचा आणि भरलेला राहो. त्या दगडाच्या म्हटल्या गेलेल्या बाईच्या उंबऱ्यावर जो लिफाफा येईल तो उघडला जावो. आणि त्या दोन खोल्यांत, जोवर यंत्र चालते तोवर, कुणाला वाढवणाऱ्या कुणाचेही नाव गळू नये. तथास्तु म्हण, देवा. आम्ही हात जोडून उभे आहोत.